इंजिनिअरिंगच्या जागा पुन्हा भरू लागल्या, म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न असा आला आहे: ‘आमचं गाव निफाडजवळ. कांदा आणि थोडी द्राक्षं. २०१७ ला पुतण्याच्या ॲडमिशनच्या वेळी कॉलेजवाले घरी येऊन बसायचे, फी कमी करून देतो म्हणायचे. आता लेक बारावीला आहे, तर जो तो म्हणतो की जागा मिळत नाहीत, कॉम्प्युटरचं तर नाव काढू नका. सात-आठ वर्षांत एवढं काय बदललं? तिला मेकॅनिकल आवडतं, पण ते मेलं असं सगळे सांगतात. क्लासवाले म्हणतात ८५ ते ९० पर्सेंटाइल पडतील. काय करावं?’

तुमच्या घरी येऊन बसलेल्यांत मी नव्हतो, पण कुणाच्या ना कुणाच्या ओट्यावर मीही असाच बसलेलो आहे. विनाअनुदानित कॉलेजात अठ्ठावीस वर्षं मेकॅनिकल शिकवलं, त्यातली अकरा वर्षं प्रवेशाचं काम पाहिलं. २०१६-१७ च्या सुमाराला आम्हा प्रत्येक प्राध्यापकाला मे-जूनमध्ये पाच ॲडमिशन आणण्याचं टार्गेट असायचं. थर्मोडायनॅमिक्स शिकवणारा माणूस मोटरसायकलवर बारावीच्या निकालाची यादी घेऊन गावोगाव हिंडायचा. त्या वर्षी आमचे पगारही पाच-पाच महिने थकले होते. त्यामुळे आज वर्ग भरलेले पाहून मला बरं वाटतं, हे खरं. पण तेवढ्यावरून मी हुरळून जात नाही, कारण भरलेले वर्ग मी याआधीही दोनदा पाहिलेत.

तुम्ही कांदा करता, त्यामुळे मूळ गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. लासलगावला भाव चढला की पुढच्या हंगामात जो तो कांदाच लावतो, आणि सगळ्यांचा माल एकदमच मार्केटला येतो. इंजिनिअरिंगमध्येही हेच होतं, फक्त हे पीक निघायला चार वर्षं लागतात. आई-बाप आजच्या नोकऱ्या बघून शाखा निवडतात आणि पोरगं बाहेर पडतं चार वर्षांनंतरच्या बाजारात. कांदा निदान चाळीत भरून दोन महिने थांबता येतं. पास होऊन दोन वर्षं घरी बसलेल्या मुलाला मुलाखतीत पहिला प्रश्न त्या दोन वर्षांचाच येतो.

आता जरा मागचं सांगतो. एके काळी महाराष्ट्रात इंजिनिअरिंग म्हणजे पुण्याचं १८५४ चं सीओईपी, मुंबईचं १८८७ चं व्हीजेटीआय, सांगलीचं १९४७ चं वालचंद आणि अशी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी कॉलेजं. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि चित्रच पालटलं. साखर कारखान्याशेजारी, तालुक्याच्या गावाबाहेर माळरानावर कॉलेजं उभी राहिली. त्यांना कितीही नावं ठेवा, पण ज्या घरात आधी कुणी बारावीही झालं नव्हतं त्या घरांतली पोरं इंजिनिअर झाली ती याच कॉलेजांतून. मीही त्यांतलाच एक.

तेव्हापासून लाटांमागून लाटा येत गेल्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कॉम्प्युटरची मोठी लाट आली, कारण वायटूकेच्या, म्हणजे २००० साल उजाडताना कॉम्प्युटरमधल्या तारखा दुरुस्त करण्याच्या कामांसाठी माणसं कमी पडत होती. २००१ च्या आसपास अमेरिकेतला डॉटकॉमचा फुगा फुटला आणि इथे आयटीच्या जागांना गिऱ्हाईक मिळेना. २००५ नंतर आयटी पुन्हा चढलं. २०१० च्या आगेमागे चाकणला गाड्यांचे कारखाने आले, रस्त्यांची आणि बिल्डरांची कामं जोरात होती, तेव्हा मेकॅनिकल आणि सिव्हिल शिखरावर होतं. आमच्याकडे मेकॅनिकलची दुसरी पाळी सुरू झाली, दुपारी दीड ते रात्री आठ. एका शाखेच्या दोन पाळ्यांत मिळून दोनशेच्या वर मुलं. त्या वर्षी कॉम्प्युटरच्या विभागप्रमुखांना आम्ही चहाच्या टेबलावर चिडवायचो. चारच वर्षांत ते आम्हाला चिडवू लागले.

कारण सगळ्यांनी एकदमच पेरलं होतं. देशभरात पदविका, पदवी आणि पदव्युत्तर मिळून एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या) मान्य जागा २०१४-१५ मध्ये बत्तीस लाखांच्या जवळ पोचल्या होत्या. तिथून घसरण सुरू झाली आणि २०२१-२२ मध्ये आकडा २३.२८ लाखांवर आला. महाराष्ट्रात २०१६-१७ ला पदवीच्या शंभरातल्या चाळीसेक जागा रिकाम्या राहिल्या. त्यात आपल्या सरकारने २०१४ आणि २०१५ ला एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा बाजूला ठेवून देशपातळीवरच्या जेईई मेनवर प्रवेश दिले. ग्रामीण भागातल्या मुलांनी त्या दोन वर्षांत इंजिनिअरिंगकडे पाठ फिरवली ते मी डोळ्यांनी पाहिलं. २०१६ ला सीईटी परत आली, पण तोवर कितीतरी कॉलेजांची घडी विस्कटली होती. तुमच्या पुतण्याच्या वेळी लोक दारात येत होते ते यामुळे. पुढे बी. व्ही. आर. मोहन रेड्डी समितीने २०२० पासून नव्या जागा वाढवू नका अशी शिफारस केली आणि नव्या कॉलेजांवर बंदी आली. ती बंदी २०२३-२४ ला उठली.

मग भाव चढला कशाने? एकच कारण सांगायचं तर २०२१-२२ ची आयटीतली भरती. कोरोनात सगळं जग ऑनलाइन गेलं आणि कंपन्यांना माणसं पुरेनात. एकट्या टीसीएसने त्या आर्थिक वर्षात एक लाख नवपदवीधर घेतले. गावातल्या प्रत्येक गल्लीत एखादं पोरगं घरबसल्या लॅपटॉपवर काम करताना दिसू लागलं. यासारखी जाहिरात कुठल्याच कॉलेजला परवडली नसती. ते बघून ज्यांनी कॉम्प्युटरला प्रवेश घेतला ती मुलं बाहेर पडली २०२५ ला, आणि त्याच वर्षी जुलैत टीसीएसने जगभरातले सुमारे बारा हजार कर्मचारी कमी करत असल्याचं जाहीर केलं. मी त्या कंपनीला दोष देत नाही. पेरणीच्या वेळचा भाव आणि काढणीच्या वेळचा भाव यांचं उदाहरण याहून स्वच्छ मिळणार नाही, म्हणून सांगितलं.

बाकी कारणं सरकारी निर्णयांतून आली आहेत. २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगल्या दर्जाच्या संस्थांसाठी जागांची कमाल मर्यादा काढून टाकली. मागणी असलेल्या कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या तुकड्या भराभर वाढवल्या. त्याच वर्षी जुलैत राज्य सरकारने मुलींची फी माफ केली. त्याबद्दल पुढे बोलतो, कारण तो तुमच्या कामाचा मुद्दा आहे. दहावीनंतर डिप्लोमाला जाणाऱ्यांची संख्याही मधल्या काळात वाढली आणि ती मुलं थेट दुसऱ्या वर्षाला आमच्याकडे येतात. परिणाम असा की राज्यात पदवीच्या जागा २०२४-२५ मध्ये सुमारे १ लाख ८० हजार होत्या आणि प्रवेश झाले दीड लाखाच्या आसपास. २०२५-२६ मध्ये जागा दोन लाखांवर गेल्या आणि प्रवेश १ लाख ६५ हजारांच्या पुढे.

हे आकडे खरे आहेत. पण आकडा कुठून मोजला हे कळल्याशिवाय त्यावरून काही ठरवू नका. आम्ही आतले लोक तो कसा वाचतो ते सांगतो.

बातमीत ‘८० टक्क्यांहून जास्त जागा भरल्या’ असं येतं. टक्केवारी कशाच्या भागिले काढली? मान्य जागांच्या. पडत्या काळात कॉलेजांनी काय केलं, तर मेकॅनिकलच्या १२० च्या साठ केल्या, काहींनी तीस केल्या, काहींनी शाखाच बंद केली. म्हणजे खालचा आकडाच छोटा झाला. मग तेवढीच मुलं आली तरी टक्केवारी चढलेली दिसते. पुढे त्या कमी केलेल्या जागांच्या बदल्यात कॉम्प्युटर, एआय-डेटा सायन्स, एआय-एमएल अशा पाट्या लागल्या. एकूण बेरजेत जागा वाढल्या असं दिसतं. प्रत्यक्षात एका शेतातलं पीक उपटून तिथे दुसरं लावलेलं असतं.

दुसरं, एका तुकडीत साठ जागा असं आपण म्हणतो, पण वर्गात साठच मुलं नसतात. ट्यूशन फी वेव्हरच्या (शिक्षण शुल्क माफ असलेल्या) पाच टक्के म्हणजे तीन जागा जास्तीच्या, ईडब्ल्यूएसच्या (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या) दहा टक्के म्हणजे सहा जास्तीच्या. दुसऱ्या वर्षी डिप्लोमाच्या मुलांसाठी आणखी दहा टक्के. आणि पहिल्या वर्षी ज्या जागा रिकाम्या राहतात त्याही दुसऱ्या वर्षी डिप्लोमावाल्यांना खुल्या होतात. ‘मेकॅनिकल मेलं’ असं सांगणाऱ्यांना हे माहीत नसतं. आमच्याकडे एका वर्षी पहिल्या वर्षाला मेकॅनिकलची बावीस मुलं होती, बातमीला चांगला मसाला. तीच तुकडी दुसऱ्या वर्षाला अठ्ठावन्नावर गेली, आणि आलेली मुलं डिप्लोमातून हाताला काळं लावून आलेली, लेथ-मिलिंग माहीत असलेली. त्या तुकडीसारखं शिकवायला मजा आलेली तुकडी मला क्वचितच मिळाली.

तिसरं, कॅपचे, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेचे आकडे म्हणजे इंजिनिअरिंगला गेलेली सगळी मुलं नव्हेत. खासगी आणि अभिमत विद्यापीठं स्वतःचे प्रवेश स्वतः करतात, ते या बेरजेत नाहीत. उलट कॅपला नोंदणी केलेलं एकच पोरगं जोसाच्या (आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशांच्या), फार्मसीच्या आणि दोन खासगी विद्यापीठांच्या यादीतही असतं. म्हणून पहिल्या यादीत नाव न दिसल्याने घाबरायचं कारण नसतं. ऑगस्टअखेरीस ॲडमिशन कॅन्सल करायला आमच्या ऑफिसबाहेर दरवर्षी रांग लागते.

यापेक्षा मोठी गोष्ट मात्र कुठल्याच तक्त्यात येत नाही. ती म्हणजे या वाढलेल्या तुकड्यांना शिकवणार कोण? एआयसीटीईने २०१८-१९ पासून पंधरा मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण वीस मुलांमागे एक असं केलं. त्या वेळी पुष्कळ कॉलेजांत माणसं कमी झाली, आणि जी गेली ती परत आली नाहीत. कॉम्प्युटरचा चांगला एम.टेक. झालेला मुलगा कंपनीत जातो, आमच्या पगारावर तो थांबत नाही. मग एआयची नवी तुकडी उघडली की तास कुणाला देतात? मेकॅनिकलच्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या मोकळ्या झालेल्या प्राध्यापकांना. मीही एक वर्ष पायथन शिकवलं आहे. रात्री व्हिडिओ बघायचा आणि सकाळी वर्गात सांगायचं. मुलं चांगली होती, सांभाळून घेतलं त्यांनी. पण त्यांनी त्या तासाची फी भरली होती, आणि तो तास माझ्यापेक्षा जास्त जाणणाऱ्या माणसाकडून मिळण्याचा त्यांचा हक्क होता. कॉम्प्युटरच्या जागा वाढल्या याचा आनंद करणाऱ्या प्रत्येकाला मी हा किस्सा सांगतो.

आता तुमच्या लेकीकडे येऊ.

पर्सेंटाइल म्हणजे मार्कांचे टक्के नव्हेत, तर शंभरातली किती मुलं मागे राहिली तो आकडा, हे क्लासवाले नीट सांगत नाहीत. २०२५ ला पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटाची सीईटी चार लाख वीस हजारांच्या आसपास मुलांनी दिली. ८८ पर्सेंटाइल म्हणजे तिच्यापुढे साधारण पन्नास हजार मुलं. ऐकायला भयंकर वाटतं. पण प्रवेश दीड लाखाहून जास्त होतात, म्हणजे जागा तिला नक्की मिळणार. प्रश्न फक्त कुठली आणि कुठे एवढाच. निफाड पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात येतं, त्यामुळे पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर या तिन्ही जिल्ह्यांतल्या विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत होम युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांसाठी असलेल्या ७० टक्के जागांसाठी ती पात्र ठरते. कटऑफच्या यादीत शेवटी एच असलेला रकाना तिचा, ओ असलेला बाहेरच्या विद्यापीठवाल्यांचा. पुष्कळ पालक चुकीचा रकाना बघून निराश होतात.

या पर्सेंटाइलला पुण्यातल्या नावाजलेल्या कॉलेजात कॉम्प्युटर मिळणार नाही. खुल्या प्रवर्गातून तर नाहीच. मिळेल ते मधल्या किंवा नव्या कॉलेजातलं कॉम्प्युटर, कदाचित मी वर सांगितलं तसल्या नव्या तुकडीत. त्याच पर्सेंटाइलला मेकॅनिकल मात्र यापेक्षा पुष्कळ चांगल्या, जुन्या कॉलेजात मिळण्याजोगं असतं. म्हणजे तुमच्यापुढे ‘कॉम्प्युटर की मेकॅनिकल’ असा प्रश्न नाहीच. साधारण कॉलेजातलं कॉम्प्युटर की चांगल्या कॉलेजातलं मेकॅनिकल, असा आहे. आणि तिला मेकॅनिकल आवडतं हे तुम्हीच लिहिलंय. मी असतो तर जास्त विचार केला नसता.

पण मेकॅनिकलला नोकरी आहे का? आहे, मात्र तिचं स्वरूप बदललं आहे. नुसतं ड्रॉइंग येऊन आता भागत नाही. इलेक्ट्रिक गाड्यांचं, ऑटोमेशनचं, सिम्युलेशनचं काम आहे. त्यात कोडिंगही लागतं आणि ते तिने बाजूने शिकावं. सुरुवातीचा पगार मोठा नसतो, हेही खरं. पण मोठ्या आयटी कंपन्यांचं फ्रेशरचं पॅकेजही दहा-बारा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळलेलं आहे, हे कुणी सांगत नाही. शॉप फ्लोअरवर मुलीने जावं का, अशी शंका घरात कुणी काढली तर नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत एकदा शिफ्ट सुटताना उभं राहा त्यांना घेऊन.

एक इशारा. ‘सगळे सोडतायत तर आपण घेऊ, चार वर्षांनी भाव येईल’ अशा हिशेबाने मेकॅनिकल घेऊ नका. कांद्यातही उलटा जुगार खेळणारे असतात आणि तेही फसतात. आवड नसेल तर ही शाखा जड जाते. मटेरिअल, थर्मल, मशीन डिझाइन हे विषय रटून निघत नाहीत.

पैशांचं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. पण प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की ही सवलत गेली. खासगी आणि अभिमत विद्यापीठांना ती लागूच नाही. दरवर्षी माझ्यापुढे दोन-तीन बाप येतात, ज्यांनी घाबरून जूनमध्येच कुठेतरी पैसे भरून टाकलेले असतात आणि मुलीला नंतर कॅपमध्ये फुकट जागा मिळालेली असते. तेव्हा थांबा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि जातीचे, नॉन-क्रिमिलेअरचे जे कागद लागत असतील ते एप्रिलमध्येच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्राबाहेर तुमच्यापुढे शंभर जण असतील. होस्टेल आणि मेस मात्र तुमच्याच खिशातून, त्याची तजवीज वेगळी.

कॅपचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीचा अर्ज भरताना क्रमाचा नीट विचार करा. २०२५-२६ ला चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागत होतं, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. ‘बघू मिळतंय का’ म्हणून नको असलेलं नाव वर टाकलेली मुलं त्यात अडकली. यंदाचे नियम माहिती पुस्तिकेत स्वतः वाचा, सायबर कॅफेवाल्याच्या तोंडून ऐकू नका. आणि फॉर्म लेकीसमोर बसून भरा, तिच्या पाठीमागे नको.

शेवटचं काम म्हणजे कॉलेज बघून येणं, आणि तेही ॲडमिशनच्या दिवसांत जाऊ नका. तेव्हा सगळीकडे रंग दिलेला असतो आणि पाणी थंड असतं. जानेवारी-फेब्रुवारीत, सत्र चालू असताना, साध्या वारी जा. प्लेसमेंटच्या फ्लेक्सवरचे फोटो मोजत बसू नका. तिसऱ्या वर्षाच्या दोन-चार मुलांना कँटीनमध्ये गाठून विचारा की मशीन डिझाइन कोण शिकवतं आणि ते सर किती वर्षांपासून आहेत. सहा महिन्यांत तिघे बदलले असं उत्तर आलं तर तिथूनच परत फिरा. मग वर्कशॉपमध्ये जा. अडवलं तर ‘मुलीला दाखवायचंय’ म्हणा, सोडतात. लेथखाली लोखंडाचा ताजा कीस पडलेला आहे का, की मशीनवर प्लॅस्टिकचं कव्हर आणि कव्हरवर धूळ आहे, एवढं दोघांनी बघून या आणि मग कॉलेजांची यादी मला पाठवा.